देवगडच्या खाडीतल्या तिसऱ्या : एका शोधनिबंधाची तपासणी आणि दुरुस्ती

सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्यातली एक खाडी. ओहोटीला तिथे वाळू-गाळाचे तीन पट्टे उघडे पडतात आणि जवळच्या वाडीतल्या अकरा बायका त्यांवर तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढतात. प्राणिशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत या पट्ट्यांवरची तिसऱ्यांची घनता मोजली, बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि मार्गदर्शकांसोबत शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला. तो दोन परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. शेरा होता 'मोठ्या दुरुस्त्या आवश्यक', आणि पहिलाच प्रश्न असा : चर्चेतलं शेवटचं वाक्य कशाच्या आधारावर लिहिलं आहे?

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. वाडी, माणसं आणि खाडीतले आकडे कल्पित आहेत. नियम, पद्धती आणि चुका घडण्याची रीत मात्र खरी आहे.

शेवटचं वाक्य

ते वाक्य असं होतं : 'अनियंत्रित वेचणीमुळे तिसऱ्यांची घनता ४६ टक्क्यांनी घटली असून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वेचणीवर बंदी घालणे आवश्यक आहे.'

शोधनिबंधाचे भाग शिकवताना बहुतेक ठिकाणी क्रम सांगितला जातो : शीर्षक, सारांश, प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निरीक्षणं, चर्चा, ऋणनिर्देश, संदर्भ. क्रम पाठ होतो, पण हे भाग एकमेकांना बांधलेले आहेत हे कळत नाही. ते कळायचं तर चर्चेतला सगळ्यात मोठा दावा उचलायचा आणि तिथून मागे चालत जायचं. वरच्या वाक्यात चार दावे आहेत. घट झाली, हा पहिला. ती ४६ टक्के झाली, हा दुसरा. ती वेचणीमुळे झाली, हा तिसरा. बंदी हा त्यावरचा उपाय आहे, हा चौथा. पहिल्या दोघांना निरीक्षणांत आकडा लागतो आणि तो आकडा कसा मोजला ते पद्धतीत सापडावं लागतं. तिसऱ्याला अभ्यासाच्या आखणीतच तुलना लागते, म्हणजे जिथे वेचणी होते आणि जिथे होत नाही अशा दोन जागा. चौथ्याला तिसऱ्यांच्या प्रजननाची माहिती लागते.

हे वाक्य सारांशातही जसंच्या तसं होतं, आणि धोका तिथे जास्त आहे. पूर्ण निबंध थोडेच वाचतात, सारांश सगळे वाचतात. एखाद्या अहवालात तो उतरला आणि अहवालावरून नियम झाला, तर ज्या अकरा घरांचा हिवाळ्यातला रोजचा पैसा या पट्ट्यांवर अवलंबून आहे, त्यांच्याकडे निबंधाला उत्तर द्यायला कुठलंच व्यासपीठ नाही.

पद्धतीतली अर्धी ओळ

मूळ निबंधात पद्धती अशी लिहिली होती : 'दरमहा ओहोटीच्या वेळी तीन पट्ट्यांवर प्रत्येकी पाच क्वाड्रॅट टाकून नमुने घेतले.' क्वाड्रॅट म्हणजे नमुना घेण्यासाठी जमिनीवर टाकायची ठरावीक मापाची चौकट. चार महिने, तीन पट्टे, पाच क्वाड्रॅट, म्हणजे ६० नमुने. वाचायला व्यवस्थित वाटतं. पण कोकणात खाडीकाठी राहणारा कुणीही लगेच विचारील : कुठली ओहोटी?

अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. तेव्हा भरती जितकी वर चढते तितकंच ओहोटीला पाणी खाली उतरतं, आणि पट्ट्याचा खालचा, एरवी पाण्याखाली राहणारा भागही उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. चढही कमी आणि उतारही कमी. तेव्हा पट्ट्याची फक्त वरची पट्टी कोरडी होते. तिसऱ्या खालच्या, ओलसर भागात जास्त असतील, तर उधाणाला मोजलेली घनता आणि भांगाला मोजलेली घनता या एकाच जागेच्या गोष्टी नव्हेत.

क्षेत्रवहीतल्या तारखा तिथींशी पडताळल्यावर घोळ उघड झाला. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे नमुने उधाणाचे होते, जानेवारी आणि फेब्रुवारीचे अष्टमी-नवमीचे. कारणही साधंच. या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते, भांगाची दुपारच्या सुमारास. जानेवारीत कॉलेजच्या परीक्षा सुरू झाल्यावर दुपारची ओहोटी एसटीच्या वेळेला जमत होती. यात लबाडी कुठेच नाही. पण पद्धतीत 'ओहोटीच्या वेळी' एवढंच लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला हे कळायची सोय राहिली नाही, आणि लिहिणाऱ्यांच्याही ते नजरेतून निसटलं.

सुदैवाने क्षेत्रवहीत प्रत्येक क्वाड्रॅटपुढे काठापासूनचं अंतर लिहिलेलं होतं. त्या आधारे नोव्हेंबर-डिसेंबरच्या ३० क्वाड्रॅटची विभागणी केली : १० वरच्या पट्टीतले, २० खालच्या. खालच्या २० मध्ये सरासरी घनता दर चौरस मीटरला ६८ निघाली, वरच्या १० मध्ये ३६. दोन्ही मिळून ५७, आणि निबंधात हाच आकडा होता. जानेवारी-फेब्रुवारीचे सगळे नमुने वरच्या पट्टीतले. त्यांची सरासरी ३१. म्हणजे ५७ वरून ३१ ही जी ४६ टक्के घट दिसत होती, ती सारख्याला सारखं लावल्यावर ३६ वरून ३१ एवढी उरते. क्वाड्रॅटमधला आपसांतला फरकच इतका होता की दहा नमुन्यांच्या बळावर ३६ आणि ३१ मध्ये खरा फरक आहे असं म्हणता येत नव्हतं.

संशोधन-नीती म्हटलं की चोरी, बनावट आकडे, परवानगीपत्र एवढंच डोळ्यांपुढे येतं. या प्रकरणात सगळ्यात मोठं नुकसान करू शकणारी गोष्ट मात्र पद्धतीतली एक अर्धवट ओळ होती. तिच्यातून चुकीचा आकडा निघाला, आकड्यातून कारण निघालं आणि कारणातून अकरा बायकांवर ठपका. म्हणून नीतीची तपासणी पद्धतीच्या परिच्छेदापासून सुरू करावी, शेवटच्या घोषणापत्रापासून नव्हे.

दुरुस्त पद्धत अशी लिहिली गेली :

'प्रत्येक क्वाड्रॅट ५० × ५० सेंटिमीटरचा (०.२५ चौरस मीटर). त्यातला गाळ १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत काढून ५ मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून धुतला. त्याहून लहान पिल्लं या मोजणीत नाहीत. कवचाची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजून जिवंत तिसऱ्या त्याच जागी सोडल्या. नोव्हेंबर व डिसेंबरचे नमुने उधाणाच्या, तर जानेवारी व फेब्रुवारीचे भांगाच्या ओहोटीला घेतले. त्यामुळे महिन्यांची तुलना फक्त वरच्या पट्टीतल्या ३७ क्वाड्रॅटपुरती केली आहे.'

हा परिच्छेद मूळच्या ओळीपेक्षा लांब आहे आणि लांबच असायला हवा. दुसऱ्या कुणी तो हातात घेऊन त्याच खाडीवर तेच काम करता आलं पाहिजे, हीच पद्धतीच्या विभागाची कसोटी आहे.

तीन नमुने जे काढलेच नव्हते

दहा आणि सत्तावीस मिळून सदतीस. जानेवारी-फेब्रुवारीत तीस हवेत, मग सत्तावीसच का?

जानेवारीत आतल्या पट्ट्यावर दोन क्वाड्रॅट होईपर्यंत पाणी परत चढू लागलं. उरलेले तीन राहून गेले. वहीत त्यांच्यापुढे रेघ आहे. संगणकातल्या तक्त्यात मात्र तिथे ७, ७, ७ भरलेलं होतं. मिळालेल्या दोन क्वाड्रॅटमध्ये ४ आणि १० तिसऱ्या होत्या, त्यांची सरासरी ७. 'सरासरी तर बदलत नाही' हा युक्तिवाद.

सरासरी बदलत नाही हे खरंच. तीन बनावट आकडे काढले तरी ३१ चे ३१ च राहिले. बदलतो तो विखुरलेपणा, आणि आकडेशास्त्राची चाचणी त्यावरच उभी असते. ४ आणि १० या दोन आकड्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचं माप) ४.२४ येतं आणि सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी किती अनिश्चित आहे त्याचं माप) ३. तेच ४, १०, ७, ७, ७ असे पाच आकडे घेतले तर विचलन २.१२ वर येतं आणि त्रुटी ०.९५ वर. दोनच नमुने हाती असताना खात्री तिपटीहून वाढल्यासारखी दिसते. जे मोजलंच नाही ते मोजल्यासारखं दाखवणं याला संशोधनात आकडे रचणं म्हणतात. हेतू चांगला होता म्हणून त्याचं नाव बदलत नाही.

मोजमाप हुकणं नेहमीचंच आहे. गाळात पाय अडकतो, चाळणी फाटते, होडी मिळत नाही. उपाय एकच : निबंधात 'नियोजित ६०, प्रत्यक्ष ५७, जानेवारीत भरतीमुळे तीन राहिले' असं लिहायचं आणि तक्त्यात प्रत्येक रकान्यापुढे नमुन्यांची संख्या द्यायची. गहाळ आकडे भरण्याच्या मान्य पद्धती आहेत, पण त्या वापरल्या तर कोणती वापरली ते उघड सांगावं लागतं, आणि पाचपैकी तीन गहाळ असताना त्यांचाही उपयोग नाही. क्षेत्रवहीची पानं स्कॅन करून मूळ तक्त्यासोबत जपून ठेवावीत, खाडाखोड असेल तर खाडाखोडीसकट. शाईने लिहावं, चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि तारीख. खोडरबर क्षेत्रावर न्यायचाच नाही.

कारण आणि बंदी

'वेचणीमुळे' या शब्दाला निबंधात कुठेच आधार नव्हता. वेचणी न होणारा तुकडा मोजलेला नव्हता, आणि वेचणी किती होते तेही मोजलेलं नव्हतं. उलट मुलाखतींत अकरापैकी चार जणींनी रात्रीच्या वाळूउपशाबद्दल सांगितलं होतं. एकीचे शब्द वहीत होते : 'राती होड्यो येतत, रेव काढतत, मगे तिसरे खय गावतले?' (रात्री होड्या येतात, वाळू काढतात, मग तिसऱ्या कुठे मिळणार?) चर्चेत याचा उल्लेखही नव्हता. स्वतःच्याच माहितीतलं प्रतिकूल कारण गाळणं हा निवडक मांडणीचा दोष आहे. परीक्षकांना तो दिसूही शकत नाही, कारण वगळलेली गोष्ट त्यांच्यापुढे येतच नाही. त्यामुळे ही तपासणी लेखकांनीच करायची असते : माझ्या वहीत असं काय आहे जे माझ्या निष्कर्षाला अडतं, आणि ते निबंधात आलं आहे का?

डिसेंबर ते फेब्रुवारीची बंदी कुठून आली? केरळातल्या अष्टमुडी कायलातून, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरातून. तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. तिथे प्रजननकाळ म्हणून हे तीन महिने वेचणी बंद असते आणि जाळीच्या आकारासारखे बाकीचे नियमही आहेत. उदाहरण उत्तम आहे, पण ते तिथल्या अभ्यासावर उभं आहे. देवगडच्या या खाडीत तिसऱ्या कधी वितात हे पाहायला एकही नमुना उघडून तपासलेला नव्हता. दुरुस्त चर्चेत अष्टमुडी राहिलं, 'इथेही प्रजननकाळ तपासण्यासारखा आहे' एवढ्यापुरतं. बंदीची शिफारस निघाली.

नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो

मुलाखतींचा भाग या प्रकरणात सगळ्यात अवघड. निबंधात एक ओळ होती : 'संस्थेच्या नीती समितीची मान्यता घेण्यात आली.' तारखा जुळवल्यावर कळलं की मुलाखती डिसेंबरात झाल्या आणि समितीकडे अर्ज फेब्रुवारीत गेला. नीती समितीची मान्यता मागच्या तारखेने मिळत नाही, कारण काम सुरू होण्याआधी धोका ओळखणं हेच तिचं काम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नीतितत्त्वं मुख्यतः जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण संमती, गोपनीयता आणि समितीची रचना याबाबत सामाजिक अभ्यासांनाही त्यांचाच आधार घेता येतो. त्यांनुसार समितीचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात आणि अर्जांची तपासणी तीन प्रकारची असते : सूट, शीघ्र आणि पूर्ण समितीपुढची. अशा मुलाखतींचा अर्ज बहुधा शीघ्र प्रकारात निकाली निघतो. म्हणजे वेळेवर अर्ज केला असता तर फारसं काही अडलं नसतं.

आता काय करायचं? तीन वाटा होत्या. ओळ तशीच ठेवणं, म्हणजे खोटं छापणं. ओळ काढून मुलाखती ठेवणं, म्हणजे मान्यतेविना माणसांची माहिती वापरणं. तिसरी वाट अशी की या पहिल्या मुलाखती निबंधातून पूर्ण काढायच्या, नव्याने मान्यता घ्यायची आणि बायकांकडे पुन्हा जायचं. तिसरी निवडली गेली. दुसऱ्यांदा नऊ जणी तयार झाल्या, दोघींनी नाही म्हटलं. त्या दोघींची आधीची उत्तरंही काढून टाकली.

पहिल्या फेरीत संमती कशी घेतली होती? मुलगी पट्ट्यावर गेली, 'काकी, थोडं विचारू का?' म्हणाली, काकी 'विचार गो बाय' म्हणाली. याला परवानगी म्हणता येईल, माहितीपूर्ण संमती नव्हे. हे उत्तर छापलं जाणार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शिवाय मुलाखत ओहोटीतच चालू होती. हातात कामाचे दोन-तीन तास असतात, त्यातली चाळीस मिनिटं गेली की त्या दिवसाची टोपली तेवढी हलकी. संशोधनाचा खर्च असा न दिसता सहभागींवर पडतो.

दुसऱ्या फेरीत मुलाखती भरतीच्या वेळी, घरी, ठरवून झाल्या. माहितीपत्रक एका पानाचं, मराठीत, आणि वाचून दाखवताना मालवणीत समजावलेलं : अभ्यास कशाचा, काय विचारणार, किती वेळ लागेल, कुठल्या प्रश्नाला नाही म्हणता येईल, नंतर माघार कशी घ्यायची, कागद कुणाकडे राहणार, तक्रार कुणाकडे करायची. 'सही कित्याक व्हयी?' (सही कशाला हवी?) हा प्रश्न आला तेव्हा सहीचा धाक वाटू नये म्हणून तोंडी संमतीची सोय समितीकडून आधीच मान्य करून घेतलेली होती. वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी लिहिता-वाचता येणारा, निष्पक्ष साक्षीदार लागतो. इथे एक गोष्ट जपावी लागते : साक्षीदार म्हणून सरपंच किंवा बचत गटाच्या अध्यक्षा नकोत. त्यांच्यासमोर नाही म्हणणं वाडीत कुणालाच सोपं नसतं.

मग ओळख लपवण्याचा प्रश्न. मूळ निबंधात नावं नव्हती, 'म१' ते 'म११' असे संकेत होते. पण तक्त्यात प्रत्येकीचं वय, वैवाहिक स्थिती, मुलं कुठे असतात, किती वर्षं हे काम करते आणि रोजची कमाई असे पाच रकाने होते. 'म७ : वय ६४, विधवा, मुलगा मुंबईला, ४० वर्षं काम' एवढं वाचलं की वाडीत काय, पंचक्रोशीत कुणीही नाव सांगेल. आणि वाळूउपशाबद्दलचं ते वाक्य म७ याच संकेताखाली छापलं जाणार होतं. होड्या कुणाच्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहरातल्या हजारांच्या सर्वेक्षणात जो तक्ता निरुपद्रवी असतो, तोच अकरा जणींच्या वाडीत एका बाईला रात्री एकटीला गाठायची सोय करून देतो.

दुरुस्तीत वैयक्तिक तक्ता गेला. वयाचे दोनच गट राहिले, पन्नासच्या वर आणि खाली. चारपेक्षा कमी जणी ज्या गटात येतील तो गट शेजारच्यात मिसळला. कमाई एकत्रित दिली. अवतरणापुढचा संकेत काढला, आणि शब्द छापायचे का हे त्या बाईला वेगळं विचारलं. तिने नको म्हटलं. मग 'काही सहभागींनी वाळूउपशाचा उल्लेख केला' एवढंच राहिलं. वाक्य फिकं झालं हे खरं, पण ते फिकं करण्याचा अधिकार तिचाच होता.

नकाशाचंही तसंच. पट्ट्यांचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत दिले होते, म्हणजे सुमारे एक मीटरपर्यंत नेमके. दाट पट्टा कुठे आहे हे बाहेरच्या व्यापाऱ्याला आयतं सांगितल्यासारखं. छापील निबंधात दोन स्थळं ठेवली, म्हणजे सुमारे एक किलोमीटरपर्यंत. नेमके आकडे मागणाऱ्या संशोधकाने लेखकांकडे कारणासह लिहावं, अशी टीप दिली. खाडी मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. आत असती तर वनखात्याची लेखी परवानगी नमुने घेण्याआधीच लागली असती.

लेखक कोण

लेखक चार होते : विद्यार्थिनी, मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य. आकडेवारीचं विश्लेषण करणारे संख्याशास्त्राचे शिक्षक ऋणनिर्देशात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आता इतर शाखांतही वापरले जातात : कल्पना, आखणी, माहिती जमवणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दुरुस्त्या करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात, एखादा पुरत नाही. प्राचार्यांनी प्रयोगशाळा वापरू दिली, विभागप्रमुखांनी पत्र दिलं. दोन्हींची जागा ऋणनिर्देशात. संख्याशास्त्राच्या शिक्षकांना मसुदा दाखवला, त्यांनी निरीक्षणांचा विभाग नव्याने लिहिला, आणि ते लेखक झाले. हा बदल मसुदा पाठवल्यानंतरचा, म्हणून चारही जुन्या आणि एका नव्या लेखकाची लेखी संमती संपादकांकडे गेली. ज्येष्ठांचं नाव काढायला सांगणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं. ते मार्गदर्शकानेच करायचं असतं, आणि इथे मार्गदर्शकांनी केलं.

ऋणनिर्देशात एक पेच उरला. पट्टे दाखवणारी, पाण्याची वेळ सांगणारी, चाळणी धरायला हात देणारी बाई वाडीतलीच. ती म्हणाली, 'माझा नाव घाल हां.' तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण तिचं नाव आलं की वाडी कळते, आणि वाडी कळली की बाकीच्या आठ जणींची लपवलेली ओळख उघडी पडते. तिला मुलाखतींतून वगळून वाटाड्या म्हणून ठेवलं तरी हा प्रश्न सुटत नाही. नऊ जणींना एकत्र बसवून विचारलं. ठरलं ते असं : छापील निबंधात 'खाडीवर काम करणाऱ्या स्थानिक वाटाड्या' असा उल्लेख, आणि कामाचे दिवस नोंदवून रोजंदारी व प्रमाणपत्र तिच्या नावाने. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना पुरेसं होईल असं उत्तर नसतं, पण प्रश्न न विचारता लेखकांनी परस्पर ठरवून टाकणं त्याहून वाईट.

उरलेलं थोडक्यात

मजकूर दुसरीकडच्या लेखनाशी किती जुळतो हे पाहणाऱ्या साम्य तपासणीत निबंध ९ टक्क्यांवर होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पण त्या ९ टक्क्यांत प्रस्तावनेतला एक अख्खा परिच्छेद आदल्या वर्षीच्या प्रबंधिकेतून संदर्भाशिवाय आलेला होता. टक्केवारी शब्द मोजते, श्रेय मोजत नाही. परिच्छेद नव्याने लिहून संदर्भ दिला. संदर्भयादीतले दोन लेख शोधूनही सापडले नाहीत. मसुद्याची भाषा सुधारायला वापरलेल्या संगणकीय चॅट साधनाने ते घातले होते. ते काढले, साधनाचा वापर जाहीर केला आणि उरलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून तपासला.

मसुदा याच काळात पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या दुसऱ्या एका नियतकालिकाकडेही गेलेला होता. एका वेळी दोन ठिकाणी पाठवणं नियमबाह्य आहे. तो लेखी मागे घेतला आणि पोच मिळेपर्यंत दुरुस्त प्रत पुढे सरकवली नाही. आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक पारखायची जबाबदारी लेखकांवर आणि संस्थेवर आली आहे. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या संस्थेच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, शुल्क आधी जाहीर केलं आहे का, आणि जुन्या अंकांतले लेख खरोखर तपासलेले वाटतात का, एवढं पाहिलं तरी बरेच नकली गळतात.

संपादकांना पत्र आणि पुढचा हंगाम

उत्तराच्या पत्रात प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं आणि कुठल्या ओळीत ते दिलं. तीन भरलेले आकडे, समितीबद्दलची चुकीची ओळ आणि दुसरीकडे पाठवलेला मसुदा या तीन गोष्टी परीक्षकांनी विचारल्या नव्हत्या. त्याही पत्राच्या सुरुवातीलाच सांगितल्या. सारांश सर्वांत शेवटी नव्याने लिहिला गेला, आणि त्याचं शेवटचं वाक्य असं झालं : 'वरच्या पट्टीत चार महिन्यांत घनतेत ठळक फरक आढळला नाही, खालच्या पट्टीतल्या बदलांबद्दल या अभ्यासातून निष्कर्ष काढता येत नाही.'

पाठवण्याआधी त्याचा एका पानाचा मराठी गोषवारा वाडीत वाचून दाखवला. पुढच्या हंगामाची आखणी तिथेच झाली. चारही महिने नमुने अमावस्येनंतरच्या दोन-तीन दिवसांतच घ्यायचे. काठापासून पाण्यापर्यंत दोरी ताणून ठरलेल्या अंतरांवर क्वाड्रॅट टाकायचे. आणि मधल्या पट्ट्यावर एक तुकडा बायकांनी आपणहून चार महिने वेचायचा नाही, म्हणजे तुलनेला जागा मिळेल. तो तुकडा कुठला असावा हे त्याच ठरवणार आहेत, आणि तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या तिसऱ्यांची भरपाई प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळा रकाना घालून धरली आहे.